पोलो रिमॅप नोंदी: पॉवर मोजली जाते, टॉर्क काढला जातो

गाडी: फोक्सवॅगन पोलो, २०२१, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. चाकणच्या कारखान्यातली. कंपनीचा आकडा ५००० ते ५५०० आरपीएमला ११० पीएस पॉवर आणि १७५० ते ४००० आरपीएमला १७५ न्यूटनमीटर टॉर्क. आतापर्यंत ५८ हजार किलोमीटर, इंजिनात काहीही बदललेलं नाही.
काम: घाटात तिसऱ्या गिअरवर ओढ वाढावी म्हणून रिमॅप, म्हणजे ईसीयूमधला (इंजिनाच्या संगणकातला) मॅप बदलणं. प्रत्येक पायरी डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणारं यंत्र) मोजायची आणि प्रत्येक रनची कच्ची फाइल जपून ठेवायची.

२६ एप्रिल २०२५

कंपनीच्या मॅपवर बेसलाइन. हा डायनो इनर्शियाचा आहे: जड ड्रम, गाडीची पुढची चाकं त्यावर, पट्ट्यांनी बांधलेली. खोलीत ३६ अंश, हवेचा दाब ९४३ मिलिबार, आर्द्रता ३० टक्के. चौथा गिअर घेतला, कारण तो एकास एकच्या सर्वांत जवळचा.

पहिला रन ९० पीएस, चाकावर, कुठलंही करेक्शन (आकडा प्रमाण हवेवर आणणारा गुणक) न लावता. लगेच दुसरा ८८.५. लगेच तिसरा ८७. गाडी बिघडली नाही, तापली. या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) पाण्याने थंड होतो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे. त्या पाण्याचा रेडिएटर पुढे असतो. रस्त्यावर त्याच्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा येतो, इथे एक पंखा. लॉगमध्ये इनटेकचं तापमान पहिल्या रनला ४८ आणि तिसऱ्याला ६१. इंजिन बंद, पंखा चालू ठेवून थांबलो, तापमान पुन्हा पन्नासच्या खाली आलं, तेव्हा ८९.८ मिळाले.

म्हणून नियम ठरवून टाकला: इनटेक ५० अंशांच्या खाली असल्याशिवाय रन सुरू करायचा नाही आणि कागदावर पॉवरच्या शेजारी ते तापमान लिहायचं. रिमॅपआधीचा रन तापलेल्या गाडीवर आणि रिमॅपनंतरचा थंड गाडीवर घेतला, तर मॅपला हात न लावताही तीन पीएस ‘वाढतात’.

चाकावरचा टॉर्क १४९ न्यूटनमीटर, २००० ते ४००० जवळजवळ सपाट. कागदावर एसएई करेक्शनसह ९९.५ पीएस छापून आले.

३ मे २०२५

फाइल घेऊन बसलो. ९० चे ९९.५ कसे झाले, ते आधी.

एसएई जे१३४९ या करेक्शनच्या मानकाची प्रमाण हवा म्हणजे २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे दाब कायमच कमी. त्यात ३६ अंश. हिशेब केला की गुणक १.१०६ येतो. ९० गुणिले १.१०६ म्हणजे ९९.५. फसवणूक नाही, सूत्रच तसं आहे. पण हे सूत्र मुळात टर्बो नसलेल्या इंजिनाच्या स्वभावावर बेतलेलं. अशा इंजिनात बाहेर हवा पातळ झाली की आतही तेवढीच पातळ होते. टर्बोच्या गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब ठरवलेल्या आकड्यावर आणतो, बाहेर काहीही असो. मग जी घट झालीच नाही तिची भरपाई कागदावर मिळते. शिवाय ०.९३ ते १.०७ च्या बाहेरच्या गुणकावर विसंबू नये, असं हेच मानक सांगतं. म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात आपण त्या मर्यादेच्या बाहेरच उभे असतो.

एसएईऐवजी जुनं ‘एसटीडी’ करेक्शन निवडलं तर आकडा आणखी चारेक टक्क्यांनी फुगतो. माउसची एक टिचकी, चार पीएस. कागद हातात घेतल्यावर खालच्या कोपऱ्यातली ही बारीक अक्षरं आधी वाचावीत, वरचा मोठा आकडा नंतर.

माझ्या तक्त्यात मुख्य रकाना विनाकरेक्शन आकड्याचा. शेजारी तापमान, दाब, आर्द्रता आणि गुणक.

आणि चाकावरचे ९० म्हणजे क्रँकवर, थेट इंजिनाच्या दांड्यावर, किती? हे रोलर सांगू शकत नाहीत. ‘पंधरा टक्के मिळवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ती टक्केवारी कुणी या गिअरबॉक्सवर मोजलेली नसते. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीवर इंजिन बाहेर काढून थेट क्रँकवर मोजतात, ती मोजणी निराळी. मला क्रँकचा आकडा नकोच आहे. आधी आणि नंतर यांतला फरक हवा आहे, तोही याच रोलरवर.

७ जून २०२५

रिमॅप झाला. स्टेज वन, फक्त सॉफ्टवेअर. हे गॅरेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांचा डायनो एडी करंट ब्रेकचा, म्हणजे रोलरला विजेच्या ब्रेकने लोड देता येतो. रन संपल्यावर क्लच दाबून चाकं मोकळी फिरू देतात आणि ती किती वेगाने मंदावतात त्यावरून ड्रायव्हलाइनचा तोटा काढतात. तो चाकावरच्या पॉवरमध्ये मिळवला की ‘क्रँकची’ पॉवर तयार. पद्धत चांगली आहे, पण मोकळ्या फिरण्यातला तोटा आणि पूर्ण लोडखाली गिअरच्या दातांमधला तोटा एकसारखे नसतात.

कागद मिळाला: १४१ बीएचपी, २४६ न्यूटनमीटर. ट्यूनर म्हणाला, “दादा, या गाडीला याच्यापेक्षा भारी टॉर्क कुठे दिसणार नाही.”

गाडी चालवायला छान वाटते, यात शंका नाही. पण २४६ बघून पोटात गोळा आला. या गिअरबॉक्सचं नाव एमक्यू२००, आणि त्यातले २०० म्हणजे न्यूटनमीटरच. थोडा जास्त टॉर्क तो सहन करतो, पण पाव पट जास्त, रोज, पाच वर्षं?

९ जून २०२५

२४६ तपासले. ही नोंद लांब होईल, पण डायनोचा कागद वाचायचा असेल तर सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे.

रोलर दोनच गोष्टी जाणतो: आपल्यावर किती जोर लागतोय आणि आपण किती वेगाने फिरतोय. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर. त्यात इंजिनाच्या आरपीएमचा संबंध कुठेच येत नाही. टॉर्क मात्र नंतर काढला जातो:

टॉर्क = पॉवर × ७०२४ ÷ आरपीएम

(पॉवर पीएसमध्ये, टॉर्क न्यूटनमीटरमध्ये. बीएचपी असेल तर ७०२४ च्या जागी ७१२१.)

म्हणजे डायनोला कळलेला आरपीएम चुकला तर पॉवर बरोबर राहील आणि टॉर्क चुकेल. आरपीएम कमी धरला गेला तर टॉर्क फुगेल. आणि आरपीएम बहुतेक ठिकाणी असा भरतात: गाडी ३००० वर स्थिर धरायची, संगणकात ‘३०००’ टाइप करायचं, मग पुढे रोलरच्या वेगावरून आरपीएम आपोआप निघतो. त्या क्षणी काटा थोडा इकडेतिकडे असला की अख्खा ग्राफ सरकतो.

तपासायला एकच गुणोत्तर पुरतं. चौथ्या गिअरमध्ये माझी गाडी दर १००० आरपीएमला ३० किलोमीटर वेगाने जाते. एक्सप्रेसवेवर ३००० वर स्थिर धरून जीपीएसने ताशी ९० मोजले आहेत, ईसीयूचा आरपीएम लॉगमधून घेतला. मग १५० च्या वेगाला ५००० आरपीएम असायलाच हवेत. त्यांच्या फाइलमध्ये १५० ला ४६८० आहेत. म्हणजे आरपीएम साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी धरलाय.

टायर घसरला असेल का? तोही विचार केला. टायर घसरला तर रोलर मागे पडतो आणि इंजिन पुढे जातं, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम जास्त दिसायला हवा. इथे उलट आहे. हा कॅलिब्रेशनचाच फरक.

२४६ भागिले १.०६८ म्हणजे २३०. तेही त्यांच्या करेक्शनसह, त्यांच्या तोट्याच्या अंदाजासह. १४१ बीएचपीला मात्र या गोंधळाने धक्का लागत नाही.

आणखी एक खूण लिहून ठेवतो. परदेशी ग्राफवर पॉवर आणि टॉर्कच्या रेषा ५२५२ ला एकमेकींना छेदतात, हे बऱ्याच जणांना पाठ असतं. ते फक्त हॉर्सपॉवर आणि पाउंडफूट एकाच पट्टीवर काढले तर. पीएस आणि न्यूटनमीटर एकाच पट्टीवर असतील तर छेद ७०२४ ला, म्हणजे या इंजिनाच्या रेडलाइनच्याही पलीकडे. त्यामुळे आपल्याकडच्या ग्राफवर रेषा ५२५२ ला छेदत नाहीत म्हणून कागद खोटा, असं म्हणू नये.

१९ जुलै २०२५

पुन्हा पहिल्या रोलरवर, रिमॅपसह. पाऊस. २७ अंश, ९४० मिलिबार, आर्द्रता ८५ टक्के. वाटलं होतं हवा गार, गुणक एप्रिलपेक्षा बराच खाली येईल. आला १.१०८. हवेतल्या वाफेचाच दाब तीस मिलिबार. तो वजा केला की कोरडी हवा उन्हाळ्यापेक्षाही कमी उरते. गारव्याने दिलं ते वाफेने नेलं.

पॉवर ११२ पीएस, विनाकरेक्शन. एप्रिलच्या ९० वर २२ ची वाढ. टॉर्क १९२, साधारण २४०० ला. आरपीएम आज मी ईसीयूच्या लॉगशी लावून घेतला आणि मगच रन सुरू केला.

१९२ भागिले १४९, गुणिले १७५ केलं तर क्रँकच्या भाषेत २२५ येतात. यात कंपनीचा १७५ हा आकडा माझ्या गाडीलाही लागू आहे असं धरलंय, म्हणून अंदाजच. पण जूनच्या कागदातून काढलेल्या २३० च्या तो जवळ आहे, २४६ च्या नाही.

छापलेला ग्राफ मात्र फारच गुळगुळीत दिसला. इथल्या काकांना म्हटलं, स्मूदिंग पाचवर आहे, शून्यावर आणा. आणलं, आणि २७०० ते ३१०० च्या मध्ये खड्डा दिसला. टॉर्क तिथे १९० वरून १७६ वर उतरतो, पुढे एक छोटा उंचवटा, मग रेषा पूर्ववत. पुढच्या रनला पुन्हा तिथेच.

शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या मुलाचं मत पडलं, मॅपमध्ये तिथे बूस्ट (टर्बोचा दाब) कमी पडतोय, ट्यूनरकडून वाढवून घे. लॉगमध्ये बूस्ट मागितला तेवढाच आलाय. इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे ओढलेलं नाही, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) स्थिर. इंजिनाला काही झालेलं नाही.

मग पुन्हा तेच गुणोत्तर. गिअर बदललेला नसताना वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण रनभर एकच राहायला हवं. २६०० पर्यंत ३०. खड्ड्यात २८.४. ३२०० नंतर पुन्हा ३०. इंजिन पुढे पळतंय, चाकं मागे राहतायत. क्लच घसरतोय. टॉर्क शिखराजवळ असतानाच क्लचप्लेट सोडते आणि आरपीएम वाढून भार हलका झाला की पुन्हा धरते. नंतरचा उंचवटा हा जादा फिरलेल्या इंजिनाच्या जडत्वाचा, तो टॉर्क इंजिनाने त्या क्षणी तयार केलेला नाही.

इथे बूस्ट वाढवला असता तर क्लच आणखी जळला असता.

२१ जुलै २०२५

क्लच बदलायला दिला. नवीन बसल्यावर शहरात सावकाश चालवून रुळू द्यायचा, तोवर पूर्ण थ्रॉटल नाही.

२३ ऑगस्ट २०२५

नवीन क्लच, तोच मॅप, तेच रोलर. खड्डा गेला. गुणोत्तर रनभर ३०. टॉर्क १९४.

आज बाकीच्या रेषा वाचल्या. डायनोच्या पडद्यावर हवा-इंधन गुणोत्तर ११.८ दिसत होतं आणि त्यावर “एवढं रिच (इंधन जास्त) कशाला” ही चर्चा झाली. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो. पडदा त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, कारण त्याने शुद्ध पेट्रोल गृहीत धरलंय. आता टाकीत ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्याचं प्रमाण गुणोत्तर साडेतेराच्या आसपास. ११.८ म्हणजे लॅम्डा ०.८०, इंधन कुठलंही असो. म्हणून पडदाच लॅम्डावर करून घेतला. ०.८० थोडं रिच आहे खरं, पण छोट्या टर्बोच्या इंजिनात एक्झॉस्टचं तापमान आटोक्यात ठेवायला ते जादा इंधन कामाला येतं. मी ते कमी करायला सांगणार नाही.

नॉकचा (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याचा) लॉग: दुसऱ्या सिलिंडरवर २२०० ते २६०० मध्ये इग्निशन साडेचार अंश मागे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरून तोच रन घेतला तर दीड अंश. पॉवरच्या आकड्यात दोन्ही रन जवळजवळ जुळे. म्हणजे छापील कागद बघून हे कधीच कळलं नसतं की साध्या पेट्रोलवर ईसीयू त्या पट्ट्यात सतत मागे सरतोय.

आणि तो पट्टाच मला खटकतो. या मॅपने सगळा टॉर्क २००० च्या आसपास एकदम वर उचलला आहे. डायनोच्या कागदावर हा डोंगर देखणा दिसतो. पण थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त दाब ही जोडी घातक, कारण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा, म्हणजे एलएसपीआयचा, धोका तिथेच असतो. तो झटका इतका मोठा असू शकतो की पिस्टनची रिंगजागा फुटते, आणि तो आला की इग्निशन मागे घेऊन काही उपयोग नसतो, कारण पेट ठिणगीने घेतलेलीच नसते.

ट्यूनरला लेखी मागणी पाठवली: २२०० च्या खाली टॉर्क कमी, तिथून २८०० पर्यंत सावकाश चढ, शिखर क्रँकच्या हिशेबात २०० च्या आसपास, आणि ४००० नंतर पडझड जितकी उशिरा होईल तितकी बरी. त्याचा फोन आला, “दादा, पीक नंबर पडेल, कागदावर मजा येणार नाही.” पडू दे. ताम्हिणीत वळणातून बाहेर पडताना गाडी २५०० ते ४५०० मध्ये असते, मला तिथे ओढ हवी आहे.

११ ऑक्टोबर २०२५

नवीन मॅप टाकला. रोलर नाही, फक्त लॉग. एकच तुलना: पुण्यात आणि खाली पनवेलला, दुसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेच्या आत.

३००० ला मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब दोन्हीकडे २.०५ बार. पुण्यात बाहेर ९४५ मिलिबार, पनवेलला १००८. म्हणजे पुण्यात टर्बोला २.१७ पट दाबावं लागतं, खाली २.०३ पट. वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणारी झडप) पुण्यात जास्त मिटलेला, इनटेक तीन अंश गरम. मधल्या पट्ट्यात उंचीची भरपाई टर्बोच करतो, करेक्शनची गरज फार थोडी.

५५०० ला चित्र बदलतं. मागणी १.८५ बार. पनवेलला पूर्ण मिळतो, पुण्यात १.७८ वर थांबतो, वेस्टगेट पूर्ण मिटलेला. इथे छोट्या टर्बोची ताकद संपली, आणि पुण्याची पातळ हवा खरोखरच पॉवर खाते.

म्हणजे एकच गुणक अख्ख्या ग्राफला लावणं या गाडीपुरतं बरोबर नाही. तो मधला टॉर्क फुगवतो आणि वरच्या टोकाला थोडाफार खरा ठरतो. विनाकरेक्शन रकाना मुख्य ठेवला ते योग्यच.

१३ डिसेंबर २०२५

आजचा दिवस या सगळ्यासाठी राखून ठेवला होता. एकाच सकाळी, एकाच रोलरवर: कंपनीचा मॅप, मग नवीन मॅप, मग पुन्हा कंपनीचा मॅप. पट्ट्या सोडायच्या नाहीत, टायरची हवा तीच, प्रत्येक रनआधी इनटेक ४५ अंशांखाली. २४ अंश, ९५० मिलिबार, आर्द्रता ४५ टक्के, गुणक १.०६५.

कंपनीचा मॅप: ९४ पीएस, १५३ न्यूटनमीटर.
नवीन मॅप: ११४ पीएस, १७८ न्यूटनमीटर.
पुन्हा कंपनीचा मॅप: ९३.५ पीएस, १५३ न्यूटनमीटर.

पहिला आणि तिसरा रन अर्ध्या पीएसने जुळले, म्हणून मधल्या रनवर विश्वास. रिमॅपने दिलेली पॉवर २० पीएस. एप्रिलचे ९० आणि आजचे ११४ शेजारी ठेवून कुणी २४ सांगितले असते, तर त्यातले चार डिसेंबरच्या हवेचे होते.

करेक्शनला न्याय द्यायचा तर हेही नोंदवतो: एप्रिलचे ९९.५ आणि आजचे ९४ गुणिले १.०६५, म्हणजे १००.१, जवळजवळ एकच. एकाच जागी, ऋतू बदलल्यावर तुलना करायला एसएई चांगलं काम करतं. दोन शहरांतल्या दोन टर्बो गाड्या शेजारी ठेवायच्या असतील तर नाही.

टॉर्क १७८ भागिले १५३, गुणिले १७५ म्हणजे २०४. गिअरबॉक्सच्या नावातल्या आकड्याला चिकटून. शिखर ३००० ला, जुन्या मॅपपेक्षा १६ न्यूटनमीटरने कमी, पण ४५०० ला रेषा जुन्या मॅपच्या वर आहे आणि ११४ पीएस ५२०० ला येतात. ई२० वर दुसऱ्या सिलिंडरचं इग्निशन दीड अंशापेक्षा मागे गेलं नाही. वेग आणि आरपीएमचं गुणोत्तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३०.

स्मूदिंग शून्यावर ठेवून तिन्ही रन एकाच कागदावर छापून घेतले. खाली हाताने लिहिलं: इनर्शिया ड्रम, चौथा गिअर, विनाकरेक्शन, चाकावर, पीएस, ई२०. ट्यूनरलाही फाइल पाठवली. त्याचं उत्तर आलं की पुढच्या पोलोला तो याच मॅपपासून सुरुवात करणार आहे, आणि आरपीएम आता टाइप न करता ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या निदान सॉकेटमधून, घेणार आहे.

बाकी काम: इंटरकूलरच्या पाण्याचा पंप तपासणे, स्पार्क प्लग काढून बघणे, एप्रिलच्या उन्हात हाच तिहेरी रन पुन्हा.